घरी बीपी मोजताय? आधी घड्याळ बघा! सात दिवस मोजायची नीट पद्धत

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी चार-पाच जण तरी बीपीची वही घेऊन माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही, पण बाबांचं बीपी गेली नऊ वर्षं मीच मोजते आणि त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून ही पद्धत शिकवलीय. वह्या उघडल्या की बहुतेकांत एकच चूक दिसते. आकडे असतात, वेळ नसते. १५२, मग ११८, मग १४६. विचारलं की कळतं, पहिला तळजाई टेकडीवरून चालून आल्या आल्या घेतलाय, दुसरा दुपारी झोपून उठल्यावर आणि तिसरा मुलाशी फोनवर वाद चालू असताना. तिन्ही आकडे खरे असतील, पण त्यावरून गोळी वाढवायची की कमी करायची हे कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही.

म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. सात दिवसांचं काम आहे, रोजचा वेळ सकाळी दहा मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं.

आधी एवढं समजून घ्या

आपल्या मेंदूत एक छोटासा भाग आहे जो डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून दिवस-रात्र ओळखतो आणि सगळ्या शरीराचं घड्याळ लावतो. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींना स्वतःचंही घड्याळ असतं, ते या मुख्य घड्याळाशी जुळवून चालतं. त्यामुळे बीपी दिवसभर एका जागी राहत नाही. गाढ झोपेत ते दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के खाली येतं, ठोकेही कमी होतात, हीच हृदयाची खरी विश्रांती. मग पहाटे शरीराला जागं करणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढायला लागतं, आपण उठून उभे राहिलो की अ‍ॅड्रिनलिन हे दुसरं हार्मोन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी वर चढतं. सकाळच्या वेळी रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना जास्त चिकटतात आणि गुठळी विरघळवायची शरीराची ताकद तेव्हा कमी असते. हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त दिसतं त्यामागे हेच सगळं एकत्र आहे.

म्हणजे सकाळचं बीपी आणि संध्याकाळचं बीपी ही दोन वेगळी माहिती आहे. दोन्ही हवीत आणि दोन्ही रोज त्याच त्या वेळेला हवीत.

टप्पा १: मशीन आणि पट्टा (हे आदल्या दिवशीच करा)

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या. मनगटाचं घेऊ नका, मनगट जरा खाली-वर झालं की आकडा बदलतो, आणि हातातल्या स्मार्ट घड्याळावर गोळीचा निर्णय सोडू नका. मॉडेलची अचूकता तपासलेली आहे का ते स्ट्राइड बीपी नावाच्या वेबसाइटच्या यादीत बघता येतं, दुकानदाराने 'हेच सगळे नेतात' म्हटलं तरी तिथे मॉडेलचा नंबर टाकून बघा.

आता पट्टा, आणि इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. शिवणाची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. पट्ट्यावर सेंटिमीटर छापलेले असतात, उदाहरणार्थ २२ ते ३२. तुमचा घेर ३५ असेल आणि पट्टा ३२ पर्यंतचाच असेल तर मशीन कितीही भारी असलं तरी बीपी खोटं जास्त येणार. मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो मागवा. उलट एखाद्या बारीक आजींना मोठा पट्टा बांधला तर बीपी खोटं कमी येतं, आणि ते जास्त धोक्याचं कारण मग कोणी काळजीच करत नाही.

पहिल्यांदाच मोजत असाल तर दोन्ही हातांवर घ्या, दोन-तीन वेळा. ज्या हातावर जास्त येतं तोच हात पुढे कायम वापरा. दोन हातांत वरच्या आकड्याचा फरक दर वेळी १५ च्या वर येत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा, रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो.

*तपासा:* मशीन जुनं असेल तर वर्षातून एकदा दवाखान्यात घेऊन जा आणि तिथल्या मशीनच्या आकड्याशी ताडून बघा. पाचच्या आत फरक असेल तर ठीक, दहाच्या वर असेल तर मशीन बदला. आणि सेल! सेल उतरले की पट्टा नीट फुगत नाही.

टप्पा २: मशीनमधलं घड्याळ आणि वही

घरोघरी बघते, मशीनवर तारीख-वेळ लावलेलीच नसते. सेल बदलले की घड्याळ पुन्हा शून्यावर जातं आणि मग मेमरीत सगळी रीडिंग रात्री बाराची दिसतात. पहिलं काम वेळ लावा, आणि सकाळ-संध्याकाळची गल्लत होऊ नये म्हणून २४ तासांचं घड्याळ असेल तर तेच ठेवा.

दुसरं म्हणजे बऱ्याच मशीनवर दोन माणसांसाठी वेगळं बटण असतं. काका एक, काकू दोन असं एकदा ठरवा आणि मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. आमच्याकडे एका जोडप्याची रीडिंग तीन महिने एकाच खात्यात जात होती, दोघांची मिळून सरासरी निघत होती आणि ती बघून काका निर्धास्त होते!

वहीत रकाने असे आखा: तारीख, वेळ, वरचं, खालचं, ठोके, आणि शेवटी एक रुंद रकाना इतर गोष्टींसाठी. त्या रुंद रकान्यात रात्री किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, लघवीला किती वेळा उठलात, घोरण्याबद्दल घरच्यांची तक्रार आहे का आणि त्या दिवशी वेगळी कुठली गोळी घेतली का, हे सगळं येतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी, डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनी बीपी वाढतं, आणि गुडघे दुखतात म्हणून या गोळ्या घेणारे आपल्या घरात किती आहेत ते आठवून बघा.

टप्पा ३: आठवडा कुठला निवडायचा

साधा, रोजचा आठवडा. घरात लग्न आहे, गणपतीचे दिवस आहेत, ताप आलाय, रात्रभर बसचा प्रवास झालाय, असा आठवडा नको. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटच्या आधीचे सात दिवस धरले की सोपं पडतं. अगदीच जमत नसेल तर निदान तीन दिवस, पण मी म्हणेन सातच करा.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे चांगलीच थंडी असते आणि थंडीने रक्तवाहिन्या आवळून बीपी चढतं. मे महिन्यातले आकडे आणि जानेवारीतले आकडे एकमेकांशी लावून 'गोळी चालेनाशी झाली' असं स्वतः ठरवू नका. थंडीत खिडक्या लावून, खोली जरा उबदार झाल्यावर मोजा.

टप्पा ४: सकाळचं रीडिंग

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि इथे क्रम चुकला की सगळं चुकलं.

१. उठल्यापासून एक तासाच्या आत मोजायचं. पण डोळे उघडल्या उघडल्या पलंगावरच नाही. आधी उठा, लघवीला जाऊन या. भरलेल्या लघवीच्या पिशवीने बीपी वाढतं.

२. चहा नाही, कॉफी नाही, नाश्ता नाही. तंबाखू, सिगरेट नाही, आणि मिश्रीसुद्धा नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, ती लावून दात घासले की निकोटिन थेट रक्तात जातं. आज्या म्हणतात 'मी तंबाखू खात नाही', मग मिश्रीचं विचारलं की होय म्हणतात. या सगळ्यानंतर निदान अर्धा तास जायला हवा, त्यामुळे आधी मोजणं हेच सोपं.

३. बीपीची गोळी घ्यायच्या आधी मोजायचं. यावर लोक अडतात, 'गोळी घेतल्यावर कंट्रोलमध्ये आहे का ते बघायचंय ना?' असं म्हणतात. नाही. काल सकाळी घेतलेली गोळी पूर्ण २४ तास पुरली का ते आपल्याला बघायचंय, आणि तिचा जोर सगळ्यात कमी असतो तो पुढच्या गोळीच्या जरा आधी. नेमकं त्याच वेळी शरीराचं घड्याळ बीपी वर ढकलत असतं. गोळी घेऊन दोन तासांनी मोजलंत तर आकडा छान दिसेल, पण पहाटेचं काहीच कळणार नाही.

४. टेकडी, योगा, पोहणं, सगळं मोजल्यानंतर. पर्वती चढून आलात की बीपी काही वेळ वर असतं आणि नंतर काही तास नेहमीपेक्षा खालीही जातं, म्हणजे दोन्हीकडून फसगत. पहाटे पाचला वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांनी पावणेपाचला मोजायचं, दुसरा मार्ग नाही. पाणी भरायचंय, डबे करायचेत, मुलांना शाळेच्या बसला सोडायचंय, त्यातून वेळ काढणं अवघड आहे हे मला माहीत आहे, म्हणून मशीन रात्रीच टेबलावर काढून ठेवा.

५. पाठ टेकून खुर्चीत बसा. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. पायावर पाय नाही, दिवाणावर मांडी घालून नाही. नुसता पायावर पाय टाकला तरी वरचा आकडा काही पॉइंटनी वाढतो.

६. हात टेबलावर आडवा, तळवा वर, आणि दंडाचा पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला. टेबल खाली पडत असेल तर हाताखाली उशी घ्या. हात हृदयापेक्षा इंचभर खाली असेल तर आकडा साधारण दोननी जास्त येतो, आणि हात मांडीवर ठेवला तरी आकडा खोटा जास्त येतो.

७. पट्टा उघड्या दंडावर. स्वेटर, शाल काढा. बाही गुंडाळून वर सरकवली की तीच दंडाला आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूने खाली, आणि पट्ट्यात दोन बोटं जातील इतकं सैल.

८. आता पाच मिनिटं शांत. मोबाइल बाजूला. बातम्या बंद. बोलायचं नाही, आणि घरच्यांनीही 'भाजी कुठली आणू' विचारायचं नाही!

९. बटण दाबा. आकडा आला की लिहा. एक मिनिट थांबा, तसंच बसून. दुसऱ्यांदा घ्या, तोही लिहा.

*थांबा:* पहिला आकडा जास्त आला म्हणून तिसरा, चौथा, पाचवा घेऊन सगळ्यात कमी तेवढाच लिहिणं हे वहीशी आणि स्वतःशी खोटं बोलणं आहे. दोन घ्यायचे, दोन्ही लिहायचे, जसे आहेत तसे. १३७ ला १३५ करू नका, १४० पण करू नका.

*अपवाद:* ज्यांचे ठोके अनियमित आहेत, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्यात ही मशीन नीट मोजेलच असं नाही. त्यांनी तीन रीडिंग घ्यावीत आणि या आकड्यांवर किती विसंबायचं ते डॉक्टरांना विचारावं.

टप्पा ५: संध्याकाळचं रीडिंग

बसायची पद्धत तीच, पाच मिनिटं शांत, एका मिनिटाच्या अंतराने दोन. वेळ जेवणाआधीची किंवा झोपण्याआधीची, कुठलीही एक निवडा आणि सातही दिवस तीच ठेवा. मी बाबांचं जेवणाआधी घेते, कारण वय झालेल्यांत भरपेट जेवणानंतर बीपी उतरतं. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच नको, तेव्हाही खाली येतं. दारू घेतली असेल तर वहीत लिहा, लपवू नका, दारूने बीपी आधी काही तास उतरून नंतर वाढू शकतं. आणि मॅच किंवा चर्चेचा कार्यक्रम चालू असताना मोजलेलं मोजल्यात धरू नका.

रात्री अलार्म लावून उठून मोजायची कल्पना काही जणांच्या डोक्यात येते. करू नका. उठलात की झोपेतलं बीपी गेलंच, जागेपणीचं आलं. झोपेतलं कसं मोजतात ते पुढे सांगते.

चक्कर येते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते असं असेल तर बसून मोजल्यावर कशाला तरी धरून उभं राहा आणि एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, शेजारी कोणीतरी हवं. वरचं २० किंवा खालचं १० पेक्षा जास्त पडलं तर डॉक्टरांना कळवा.

लाल रेघ

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय किंवा एकदम दिसेनासं झालंय, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि नीट वाचा, ही लक्षणं असतील तर बीपी नॉर्मल आलं तरी १०८ च. यातलं काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा घ्या, तरी तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी जिभेखाली ठेवणं, आपलीच गोळी दुप्पट घेणं, असलं काही करू नका, बीपी झपकन उतरलं तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो.

टप्पा ६: सरासरी काढा, पण दोन

पहिल्या दिवसाचे चारही आकडे बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी माणूस बिचकलेला असतो, आकडे वर जातात. राहिले सहा दिवस, सकाळचे १२ आकडे, संध्याकाळचे १२. सकाळची वेगळी सरासरी काढा, संध्याकाळची वेगळी, मग दोन्ही मिळून एक. वरच्या आकड्याची वेगळी आणि खालच्याची वेगळी, हे सांगायला नको पण लोक विसरतात.

घरच्या मोजमापाची सीमा १३५/८५ आहे, दवाखान्यातल्या १४०/९० ची नाही. दोन्हीपैकी एक आकडा जरी सरासरीने सीमेवर किंवा वर असेल तरी बीपी जास्त धरतात.

आता हे उदाहरण बघा. सकाळची सरासरी १४२/८८, संध्याकाळची १२८/८०. दोन्ही मिळून १३५/८४. नुसती एकत्र सरासरी बघितली तर 'काठावर आहे, बघू' असं वाटतं. वेगळी केली की दिसतं, संध्याकाळ उत्तम आहे आणि सकाळ चढलेली आहे. गोळी रात्रभर पुरत नसेल, झोपेत बीपी उतरत नसेल, घोरताना श्वास अडकत असेल, कारण काहीही असू शकतं, पण शोधायचं कुठे ते तरी कळलं.

टप्पा ७: डॉक्टरांपुढे काय ठेवायचं

पूर्ण वही आणि वर एका कागदावर तीन सरासऱ्या. सोबत गोळीचं नाव, डोस आणि घ्यायची खरी वेळ. खरी, म्हणजे चिठ्ठीवर सकाळी आठ लिहिलंय पण तुम्ही नाश्ता करून अकराला घेता, तर अकरा.

घोरणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा झोप येणं किंवा रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं असेल तर ते आवर्जून सांगा. झोपेत श्वास अडकणाऱ्यांत रात्रीचं बीपी बऱ्याचदा उतरत नाही. मीठ जास्त असेल आणि शरीराला ते सोसत नसेल तरी तसंच होतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगतात, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे सगळं आलं.

सकाळच्या आकड्यांवरून शंका आली तर डॉक्टर २४ तासांचं मशीन लावायला सांगतील. ते कमरेला अडकवतात, पट्टा दंडावर राहतो आणि दर १५ ते ३० मिनिटांनी आपोआप फुगतो, रात्री झोपेतसुद्धा. फुगताना हात सैल सोडून हलवायचा नाही, त्या दिवशी अंघोळ नाही, आणि किती वाजता झोपलात-उठलात ते लिहून द्यायचं, नाहीतर रिपोर्टमधली रात्र आणि तुमची रात्र जुळणार नाही. त्यात झोपेतली सरासरी १२०/७० च्या खाली हवी आणि दिवसापेक्षा निदान दहा टक्क्यांनी उतरलेली हवी.

*थांबा:* 'बीपीची गोळी रात्रीच घ्यावी, हार्ट अटॅक टळतो' असा मेसेज सगळ्यांना आलेला असतो. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर टाइम नावाचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, सकाळी गोळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंत फरक दिसला नाही. जी वेळ तुम्ही चुकवणार नाही ती वेळ चांगली. बदलायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर झोपेतून उठून अंधारात बाथरूमला जाताना वय झालेला माणूस पडू शकतो.

शिफ्टवाल्यांसाठी वेगळं

हिंजवडीत रात्रीचं काम करणारी मुलं, चाकण-पिंपरीला फर्स्ट, सेकंड, नाइट अशी शिफ्ट फिरणारे, आणि हॉस्पिटलमधल्या सिस्टर, यांना वरचं 'सकाळी सहा' वगैरे लागू नाही. तुमची सकाळ म्हणजे तुमच्या मोठ्या झोपेनंतर उठलेली वेळ, मग ती दुपारचे तीन का असेना. उठून, लघवीला जाऊन, चहा आणि गोळीच्या आधी पहिली जोडी. झोपण्याआधीच्या जेवणाच्या आधी दुसरी जोडी. वहीत शिफ्टचा वेगळा रकाना करा.

शरीराचं घड्याळ एक-दोन रात्रींत फिरत नाही, त्यामुळे शिफ्ट बदलल्यावर पहिले दोन दिवस मोजू नका. नाइटचा आठवडा आणि दिवसाचा आठवडा यांची सरासरी एकत्र करू नका, दोन वेगळी पानं ठेवा. दोन पानांत मोठा फरक असेल तर ती दोन्ही पानं घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि गोळीची वेळ शिफ्टप्रमाणे सरकवायची की एकच ठेवायची हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या.

पुन्हा कधी?

गोळी किंवा डोस बदलला की डॉक्टर सांगतील तितके आठवडे, बहुतेकदा दोन ते चार, जाऊ द्या आणि मग पुन्हा हाच सात दिवसांचा फेरा करा. मधल्या काळात रोज पाच-सहा वेळा पट्टा बांधून बघणं बंद करा, त्या धास्तीनेच आकडा चढतो. बीपी स्थिर असेल तर आठवड्यातून एक-दोन दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, पुरे.